मिलिंग मशीनच्या तारांतला गोंगाट

चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर, नागभीड, सिंदेवाही आणि ब्रह्मपुरी हा धानाचा पट्टा. धानामुळे राईस मिल आल्या, मळणीयंत्रे आली आणि त्यांच्या मागोमाग त्यांची दुरुस्ती करणाऱ्या लहान कार्यशाळाही आल्या. चिमूरच्या अशाच एका कार्यशाळेत हाताने चालवायचे जुने मिलिंग मशीन संगणकावर चालणारे करून घेतले होते. ते नीट चालत नाही, म्हणून आम्हांला पाहायला बोलावले होते. जे पाहिले त्यात शाळेतल्या विद्युतशास्त्राचे जवळजवळ सगळे धडे एकत्र आले होते. शिक्षकांना ते उपयोगी पडतील, म्हणून हा लेख.

जुन्या मशीनचे असे रूपांतर ही काही नवी गोष्ट नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९५२ साली आकड्यांच्या आज्ञांवर चालणारे पहिले मिलिंग मशीन दाखवण्यात आले. तेही नव्याने घडवलेले नव्हते. बाजारातले एक साधे मिलिंग मशीन घेऊन त्यात बदल केलेले होते. आज हेच काम तालुक्याच्या गावी होऊ शकते. टेबल सरकवण्याची हातचाके काढायची आणि त्या जागी स्टेपर मोटरी बसवायच्या. हत्यार फिरवणाऱ्या स्पिंडलच्या मोटरला वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह जोडायचा. टेबल कडेपर्यंत गेले तर कळावे म्हणून दोन्ही टोकांना लिमिट स्विच लावायचे. मग संगणकावरून आज्ञा द्यायच्या.

चिमूरच्या मशीनवर हे सगळे नीट बसवले होते. स्पिंडल बंद ठेवून टेबल दिवसभर फिरवले तरी काही बिघडत नसे. पण स्पिंडल सुरू करून प्रत्यक्ष काम लावले, की मशीन मध्येच थांबे. संगणकाच्या पडद्यावर ‘लिमिट स्विच दाबला गेला’ असा संदेश येई. टेबल तर बरोबर मध्यावर! अर्धवट कापलेला शाफ्ट भंगारात जाई.

कोणीतरी एक उपाय सुचवला होता आणि तो लागूही पडला होता. कारागीर म्हणाला, “सर, कंप्युटरच्या प्लगची अर्थ काढून टाकली का मशीन बराबर चालते जी. फक्त केबल काढताना हाताला जरा मुंग्या येतात.”

त्या मुंग्यांनी आम्हांला काळजीत टाकले. त्यांच्याकडे पुढे येऊ. आधी गोंगाट म्हणजे काय ते पाहू.

गोंगाट ऐकू येतो

जो विद्युत्-इशारा आपल्याला नको असतो आणि हव्या असलेल्या इशाऱ्यात मिसळतो, त्याला विद्युत-गोंगाट म्हणतात. तंत्रज्ञांचा शब्द आहे ‘नॉइज’. तो डोळ्यांना दिसत नाही, पण कानांना ऐकवता येतो. साधा ट्रान्झिस्टर रेडिओ घ्यावा, मध्यम लहरींवर लावावा आणि जिथे कोणतेही केंद्र लागत नाही अशा जागी काटा ठेवावा. आता शेजारी मिक्सर सुरू करा. रेडिओ खरखरू लागेल. मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बन ब्रशपाशी बारीक ठिणग्या पडत असतात, त्यांचा हा आवाज. हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये विद्युत्चुंबकीय लहरी निर्माण केल्या, त्याही ठिणगीपासूनच.

ताडोबाच्या आसपासच्या गावांत याहून सोपे उदाहरण मिळते. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी शेतकरी सौर कुंपण लावतात, म्हणजे गावातले झटका मशीन. ते साधारण दर सेकंदाला एक, अशा गतीने तारेत उच्च दाबाचा क्षणिक धक्का सोडते. ओले गवत तारेला लागले किंवा इन्सुलेटर फुटला, तर तिथे ठिणगी पडते आणि जवळच्या रेडिओत टक्-टक् असा आवाज येतो. रेडिओचा तारेशी काहीही संबंध नसताना धक्का त्याच्यापर्यंत पोहोचतो, हे लक्षात ठेवावे.

चिमूरच्या मशीनजवळ आम्ही असाच रेडिओ नेला. स्पिंडल बंद असताना तो शांत होता. स्पिंडल सुरू होताच जोरात गुणगुणू लागला. मोटरच्या केबलजवळ नेला की आवाज वाढे. चोर कुठे राहतो ते कळले. तो घरात कसा शिरतो, ते शोधायचे होते.

प्रवाह नेहमी घरी परततो

बॅटरीला दिवा जोडताना दोन तारा लागतात, हे सातवीतल्या मुलालाही माहीत असते. प्रवाह एका तारेने जातो आणि दुसरीने परत येतो. हाच नियम गोंगाटालाही लागू आहे. गोंगाट म्हणजेही प्रवाहच. तो जिथून निघाला तिथेच त्याला परत जायचे असते. आपण त्याच्यासाठी परतीची जवळची वाट ठेवली नाही, तर तो लांबची वाट शोधतो. ती वाट आपल्या नाजूक इशाऱ्यांच्या तारांतून गेली, की घोटाळा होतो. या लेखातले सगळे उपाय या एका वाक्यातून निघतात.

आता हा प्रवाह निघतो कुठून? ड्राइव्हमध्ये २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती पुरवठा आधी दिष्ट केला जातो. २३० ला १.४१ ने गुणले की सुमारे ३२५ व्होल्ट येतात. मग इलेक्ट्रॉनिक स्विच हा दाब मोटरला सेकंदाला हजारो वेळा लावतात आणि काढतात. लावण्या-काढण्याचे प्रमाण बदलून मोटरला हवी ती वारंवारता मिळते. हे स्विच फार चपळ असतात. शून्यापासून ३२५ व्होल्टपर्यंत जायला त्यांना सेकंदाचा एक कोट्यंशही पुरतो, म्हणजे ०.१ मायक्रोसेकंद.

मोटरची केबल आणि तिच्याजवळचे मशीनचे लोखंड यांचे मिळून नकळत एक धारित्र तयार होते. दोन धातू आणि मध्ये प्लॅस्टिकचे आवरण, एवढे त्याला पुरे. त्याची धारिता दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरली, तर ५ मीटर केबलची ५०० पिकोफॅरड होते. ही संख्या अगदी क्षुल्लक वाटते. पण धारित्रातून जाणारा प्रवाह दाब किती वेगाने बदलतो यावर ठरतो. धारितेला दाबातील बदलाने गुणून काळाने भागावे:

५०० पिकोफॅरड × ३२५ व्होल्ट ÷ ०.१ मायक्रोसेकंद = सुमारे १.६ अँपिअर.

क्षणभरच, पण दीड अँपिअरहून अधिक! कोणतीही तार जोडलेली नसताना, निव्वळ प्लॅस्टिक ओलांडून हा प्रवाह मशीनच्या अंगात उतरतो. मोटरची गुंडाळी आणि तिचे कवच यांच्यामधून उतरतो तो वेगळाच. आणि हे सेकंदाला हजारो वेळा घडते.

एकाच तारेचे दोन स्वभाव

यावर कारागीर म्हणतील, “मशीनला जाड हिरवी तार जोडली आहे, तिच्यातून जाईल की!” इथे तारेचा दुसरा स्वभाव आडवा येतो.

दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या १ मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१२ ओहम असतो. ५० हर्ट्झच्या प्रवाहाला ती खरोखरच मोकळा रस्ता असते. पण प्रवाह बदलला की तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि ते त्या बदलाला विरोध करते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेल्या विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाचाच हा परिणाम. १ मीटर सरळ तारेसाठी हा गुण साधारण १ मायक्रोहेन्री धरतात. ५० हर्ट्झला त्याचा विरोध नगण्य असतो. मात्र सेकंदाला १० लाख आवर्तनांच्या प्रवाहाला तो सुमारे ६.३ ओहम, म्हणजे तारेच्या रोधाच्या ५०० पटींहून अधिक होतो. पन्नास हर्ट्झला जो राजरस्ता, तोच गोंगाटाला बंद फाटक वाटतो.

आपला १.६ अँपिअरचा धक्का ०.१ मायक्रोसेकंदात या १ मीटर तारेतून गेला, तर तिच्या दोन टोकांमध्ये १ मायक्रोहेन्री × १.६ ÷ ०.१ मायक्रोसेकंद, म्हणजे १६ व्होल्टचा फरक पडतो. हा ढोबळ हिशेब आहे. प्रत्यक्षात आकडा कमीजास्त होईल, पण त्याची जातकुळी हीच. लिमिट स्विच वाचणारे परिपथ मात्र ५ व्होल्टवर चालत होते. त्यांना १६ व्होल्टचा धक्का बसला, तर स्विच दाबल्याचा भास होणारच.

स्टेपर मोटरच्या आज्ञांत गोंगाट शिरला तर आणखी वाईट. मोटरला एका फेऱ्यासाठी २००० स्पंद लागत असतील आणि एका फेऱ्यात टेबल ५ मिलिमीटर सरकत असेल, तर प्रत्येक खोट्या स्पंदाने टेबल अडीच मायक्रोमीटर चुकते. असे ४०० स्पंद एकाच दिशेने शिरले की १ मिलिमीटर फरक पडला. मशीन थांबतही नाही आणि ओरडतही नाही. शाफ्ट बसवायला घेतल्यावरच चूक कळते.

चिमूरचा गोंगाट कुठून घरी जात होता?

आम्ही प्रवाहाची वाट कागदावर काढली. ड्राइव्हपासून मोटरपर्यंत साधी, कवच नसलेली केबल होती. मोटरची अर्थिंगची तार ड्राइव्हकडे न नेता जवळच मशीनच्या बिडाला बांधली होती. मशीनचे बीड नियंत्रक परिपथाच्या शून्य व्होल्टशी जोडलेले होते. तिथून यूएसबी केबलमार्गे संगणक, संगणकाच्या तीन पिनांच्या प्लगमधून भिंतीवरचा बोर्ड आणि बोर्डावरून पुन्हा ड्राइव्ह. असा खोलीला वळसा घालून गोंगाट घरी जात होता, तोही सगळ्यांत नाजूक भागांमधून! शिवाय लिमिट स्विचच्या तारा मोटरच्या केबलसोबत एकाच पट्टीने आवळलेल्या होत्या.

प्लगची अर्थ पिन काढल्यावर ही साखळी तुटत असे, म्हणून मशीन चाले. पण संगणकाच्या वीजपुरवठ्यात गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटी धारित्रे असतात. एक फेजपासून पेटीपर्यंत आणि दुसरे न्यूट्रलपासून पेटीपर्यंत. अर्थिंग असेल तर त्यांतला किरकोळ प्रवाह जमिनीकडे जातो. अर्थिंग काढले की पेटी दोन्हींच्या मध्यावर, साधारण ११५ व्होल्टवर तरंगू लागते. यूएसबी केबल लावलेली असेपर्यंत तिच्या बारीक कवचातून पेटीचे अर्थिंग कसेबसे टिकत होते. केबल काढली की मुंग्या! धारित्रे लहान असल्याने त्या मुंग्यांवरच भागत होते. उद्या आतल्या फेज तारेचे आवरण फाटून ती पेटीला टेकली, तर हातात ११५ नव्हे, पूर्ण २३० व्होल्ट येतील आणि फ्यूज उडवायला अर्थिंगची वाट नसेल. गोंगाट थांबवण्यासाठी अर्थिंग कधीही काढू नये. शाफ्ट पुन्हा बनवता येतो, माणूस नाही.

काय केले

पहिले काम म्हणजे संगणकाची अर्थ पिन परत बसवली. मग क्रमाने पुढील गोष्टी केल्या.

एक, गोंगाटाला जवळची वाट दिली. ड्राइव्ह ते मोटर धातूच्या जाळीचे कवच असलेली चार गाभ्यांची केबल टाकली. तीन गाभे मोटरसाठी आणि चौथा मोटरचे अर्थिंग ड्राइव्हच्या अर्थ टर्मिनलवर परत आणण्यासाठी. कवच दोन्ही टोकांना जोडले. त्याला पिळून लांब शेपूट काढले नाही, तर सभोवती धातूचा क्लँप आवळला. शेपूट काढले असते तर पुन्हा तो लांब तारेचा विरोध आला असता. आता निसटलेला प्रवाह कवचातूनच ड्राइव्हकडे परततो.

दोन, रंग खरवडला. रंग हा विद्युत्-रोधक आहे, हे पॅनेल बांधताना विसरले जाते. ड्राइव्ह ज्या पत्र्यावर बसतो तिथला आणि क्लँपखालचा रंग काढून धातूला धातू भिडवला.

तीन, सोवळेओवळे पाळले. मोटरच्या केबल पॅनेलच्या एका बाजूने आणि इशाऱ्यांच्या तारा दुसऱ्या बाजूने नेल्या. दोहोंत वीतभर तरी अंतर ठेवले. जिथे ओलांडणे भाग होते तिथे काटकोनात ओलांडले, कारण समांतर धावणाऱ्या तारांत प्रवर्तन सर्वाधिक होते.

चार, इशाऱ्याच्या तारांना पीळ दिला. प्रत्येक लिमिट स्विचची जाणारी आणि येणारी तार एकमेकींभोवती पिळली. पिळल्यामुळे त्यांच्यामधले क्षेत्रफळ कमी होते. एका वेढ्यात जो दाब निर्माण होतो, तो पुढच्या वेढ्यात उलटा निर्माण होऊन कटतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली दूरध्वनीच्या तारांसाठी हीच युक्ती योजली होती. या केबलचे बाहेरचे कवच मात्र फक्त नियंत्रकाच्या बाजूला जोडले. मोटरच्या कवचातून प्रवाह जावा अशी आपली इच्छा असते, म्हणून त्याची दोन्ही टोके जोडायची. लिमिट स्विचच्या कवचातून परका प्रवाह वाहू नये असे वाटते, म्हणून एकच.

पाच, इशारा बळकट केला. लिमिट स्विच ५ ऐवजी २४ व्होल्टवर आणले. नेहमी जोडलेला राहील आणि दाबल्यावर तुटेल असा स्विच वापरला. यामुळे तार तुटली तरी मशीन थांबते. शिवाय ५ मिलिसेकंद टिकलेलाच इशारा खरा मानावा, अशी व्यवस्था नियंत्रकात केली. मिनिटाला १००० मिलिमीटर वेगाने जाणारे टेबल तेवढ्या वेळात ०.१ मिलिमीटरही सरकत नाही. आणीबाणीचे लाल बटण मात्र संगणकावर सोपवले नाही. ते काँटॅक्टरमधून सरळ मोटरचा पुरवठा तोडते.

सहा, उगमापाशीच ठिणगी विझवली. शीतक पंपाच्या रिलेची गुंडाळी बंद होताना तिच्यात साठलेली चुंबकीय ऊर्जा शेकडो व्होल्टचा धक्का देते. २४ व्होल्ट दिष्ट प्रवाहाच्या गुंडाळीवर एक डायोड उलटा जोडला की ती ऊर्जा गुंडाळीतच फिरून विरते. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या काँटॅक्टरवर १०० ओहमचा रोध आणि ०.१ मायक्रोफॅरडचे, घरगुती विजेचा दाब सोसणारे धारित्र एकसरीत जोडून लावले.

यानंतर स्पिंडल पूर्ण वेगात ठेवून मशीन चालवले. लिमिट स्विचचा खोटा संदेश आला नाही. रेडिओ केबलजवळ नेल्यावर गुणगुणत होता, पण पूर्वीपेक्षा पुष्कळ हळू.

वेगळा खड्डा खणावा का?

कार्यशाळेच्या मालकांनी विचारले, “इलेक्ट्रॉनिक्ससाठी अर्थिंगचा वेगळा खड्डा खणू का?” हा प्रश्न सगळीकडे विचारला जातो. उत्तर आहे, नाही. ड्राइव्हमधून निघालेल्या गोंगाटाला जमिनीत जायचेच नसते, त्याला ड्राइव्हमध्ये परतायचे असते. खड्डा लागतो तो माणसाच्या सुरक्षिततेसाठी आणि विजेसाठी. दोन खड्डे खणून ते एकमेकांपासून तोडून ठेवले तर धोका उलट वाढतो. मृगाच्या आगेमागे आपल्याकडे विजा पडतात. २०,००० अँपिअरची वीज ५ ओहमच्या एका खड्ड्यात उतरली, तर तिथला दाब १ लाख व्होल्टपर्यंत चढतो. दुसरा खड्डा मात्र शून्याजवळ राहतो. एका पॅनेलमध्ये दोन्हींच्या तारा असतील, तर हा सगळा फरक तिथेच प्रकट होईल. खड्डे कितीही असोत, ते जाड पट्टीने एकमेकांना जोडलेले असावेत आणि कार्यशाळेतल्या अर्थिंगच्या तारा एका तांब्याच्या पट्टीवर एकत्र याव्यात. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात माती कोरडी पडून खड्ड्याचा रोध वाढतो. म्हणून तो उन्हाळ्यातच मोजावा.

वर्गातला प्रयोग

जुना, जड असा बॅटरी एलिमिनेटर घ्यावा. दोन मीटर वेष्टित तारेचा मोठा वेढा करून तिची टोके शाळेच्या ध्वनिवर्धकाच्या मायक्रोफोनच्या सॉकेटला जोडावीत. वेढा एलिमिनेटरजवळ धरला की भोंग्यातून घुंइइ असा आवाज येईल. आता वेढ्याच्या दोन्ही बाजू जवळ आणून तारेला पीळ द्या. आवाज उतरेल. घरगुती विजेच्या कोणत्याही उघड्या भागाला हात न लावता फॅरडे आणि बेल दोघेही वर्गात येतात. खरा ड्राइव्ह मात्र विद्यार्थ्यांनी उघडू नये. पुरवठा बंद केल्यावरही त्यातली धारित्रे काही मिनिटे भारित राहतात.

हा नियम चिमूरच्या कार्यशाळेपुरता नाही. याच जिल्ह्यात भद्रावतीला १००० मेगावॅटचे उच्चदाब दिष्ट प्रवाहाचे केंद्र आहे. १९९७-९८ पासून ते पश्चिम आणि दक्षिण विभागांच्या वीजजाळ्यांना जोडते. अशा केंद्रांत थायरिस्टरांना चालू होण्याची आज्ञा तांब्याच्या तारेने न देता प्रकाशतंतूतून देतात. प्रकाशाबरोबर विद्युत्-प्रवाह येत नाही, म्हणून परतीच्या वाटेचा प्रश्नच उरत नाही. पुणे जिल्ह्यात खोडदजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण दूरच्या दीर्घिकांचे क्षीण इशारे ऐकते. तिच्या शास्त्रज्ञांना आसपासच्या वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्या हुडकाव्या लागतात.

गोंगाट दिसला की एकच प्रश्न विचारावा: हा प्रवाह निघाला कुठून आणि घरी कोणत्या वाटेने जातो? कागदावर ती वाट काढता आली, की उपाय सापडतो. आणि त्या कागदावर अर्थिंगची रेघ कुठेही तुटलेली असता कामा नये.